मुलाची वही, मुलीची वही

गेल्या दिवाळीत मुलगी तिच्या नुकत्याच वर्षाच्या झालेल्या लेकीला घेऊन आठ दिवस राहायला आली होती. नात भिंतीला धरून पावलं टाकत होती. तिच्याकडे बघत मुलीने सहज विचारलं, "आई, मी कधी चालायला लागले गं?"

मला आठवेना. तिचा भाऊ कधी चालला ते मी झोपेतसुद्धा सांगू शकेन. अकरा महिने चार दिवसांचा असताना, पाडव्याच्या संध्याकाळी. कारण ते मी लिहून ठेवलं आहे.

माळ्यावरून दोघांच्या चिकटवह्या काढल्या. मुलगा १९८५ सालचा. त्याची वही बहात्तर पानांची. जाड काळे कागद, फोटोंना लावलेले कोपरे, दोन पानांच्या मध्ये पातळ बटर पेपर. त्यात बारशाचं आमंत्रण, जावळाच्या केसांची पुडी, पहिल्या झबल्याचा तुकडा, बोरन्हाणाला हलव्याचे दागिने घातलेला फोटो, पहिल्या रेघोट्या, बालवाडीचा बिल्ला. मुलगी १९८८ सालची. तिची वही अकरा पानांची. पुढची सगळी पानं कोरी.

"दादाची केवढी जाड, आणि माझी एवढीच?" ती हसून म्हणाली. ते हसणं मला लागलं.

मैत्रिणींनो, सबबी माझ्याकडे भरपूर आहेत. दुसरं मूल, नोकरी, नवऱ्याची बदली. तेव्हा फोटो काढणं आजच्यासारखं फुकट नव्हतं. छत्तीस फोटोंचा एक रोळ महिनोन् महिने पुरवायचा, मग धुवायला टाकायचा. हे सगळं खरं आहे. पण मुलाच्या बारशाला सासऱ्यांनी फोटोग्राफर बोलावला होता आणि मुलीच्या वेळी "आता कशाला, एकदा झालंय ना" असं म्हटलं गेलं, हेही खरं आहे. आणि त्या वेळी मी काही बोलले नाही, हे सर्वांत खरं आहे.

याच १९८८ साली महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा झाला. त्याच्या आधीची दोन वर्षं आम्ही चौकाचौकात पथनाट्यं करत होतो. पोटात मुलगी असताना मी त्यात घोषणा दिल्या आहेत. मुलगी मला नकोशी नव्हती. मनापासून हवी होती. पण मुलगी हवी असणं वेगळं आणि तिचं वाढणं नोंदवून ठेवण्याजोगं वाटणं वेगळं, हे मला कळायला इतकी वर्षं लागली.

मुलाची पहिली नोंद म्हणजे त्याचं नाव. साताऱ्यात २०११ साली 'नकोशी' किंवा तशाच अर्थाचं नाव घेऊन वाढणाऱ्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्या मुलींच्या घरांत त्यांच्याविषयी पहिली गोष्ट जी लिहिली गेली, ती "तू आम्हाला नको होतीस" अशी होती. आपण शिकल्यासवरलेल्या बायका तसं नाव ठेवत नाही. आपण पानं कोरी ठेवतो. दोन्हींत फरक मोठा आहे, पण दोन्हींची मुळं एकाच मातीत आहेत.

वह्या चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. मुलाच्या जाड वहीतही मी जवळजवळ नाही. आहे तो माझा हात. बाळाची मान सावरणारा, घास भरवणारा, पदराचं टोक बाजूला करणारा. खांद्याच्या वर मी कापली गेले आहे, कारण फोटो बाळाचा होता. फोटोंखालची अक्षरं माझी, पण बोलतं बाळ. "बाबांबरोबर राणीच्या बागेत." "आजोबांनी आणलेली तीनचाकी." त्या बागेत डबा, पाण्याची बाटली आणि बदलायचे कपडे घेऊन कोण गेलं होतं? पहिल्या पानावर बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वही जिने केली तिचं नाव कुठेच नाही, आणि तेही मीच माझ्या हाताने लिहिलेलं नाही.

माझ्या नातीच्या जन्मदाखल्यावर तिच्या नावानंतर आईचं नाव आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहायचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. अशी मागणी बायकांनी किती वर्षं लावून धरली होती! सरकारी कागदावर आई आली. घरातल्या वहीवर ती यायला तर कुणाच्या निर्णयाची गरज नाही.

मुलांच्या आठवणी जपणं हेसुद्धा काम आहे. वाढदिवस लक्षात ठेवायचे, दुधाचा दात कागदात गुंडाळून ठेवायचा, फोटोंमागे तारखा टाकायच्या, कोणती लस कधी दिली ते सांगायचं. ते कोण करतं? केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत, बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. डोक्यात तारखा साठवत राहण्याचं काम कुठल्या मिनिटांत धरायचं? आज मोबाईलमध्ये हजारो फोटो पडलेले असतात आणि ते काढण्यात बापही मागे नसतात. पण त्यांतले निवडायचे, छापून आणायचे, आजीला पाठवायचे, हे काम फिरून आईकडेच येतं.

"हे मध्यमवर्गीय चोचले आहेत," असं आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने तोंडावर सांगितलं. म्हणून मी वस्तीतल्या बैठकीत विचारलं, की तुमच्या मुलांच्या लहानपणाचं तुमच्याकडे काय आहे? पुढच्या बैठकीला येताना घेऊन या.

एकीने प्लास्टिकच्या पिशवीत तिहेरी गुंडाळलेलं लसीचं कार्ड आणलं. झोपडी तुटली तेव्हा तिने भांड्यांच्या आधी ही पिशवी उचलली होती. पुरावा म्हणून, आणि मुलाचं पहिलं वजन त्यावर लिहिलेलं आहे म्हणूनही. दुसरीने एकच वाळा आणला. जोडीतला दुसरा गहाण पडला तो सुटला नाही. तिसरी रिकाम्या हाताने आली. म्हणाली, "माझी पोरगी नऊ महिन्यांची होऊन गेली. फोटो नाही. घरात कुणी तिचं नाव घेत नाही." मग तिने ते नाव घेतलं. आम्ही ते वहीत लिहिलं. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

चोचले म्हणणारी मैत्रीणही तिथे होती. तिने नंतर तो विषय काढला नाही. ज्यांच्याकडे माळा नाही, कपाट नाही, ज्यांचं घर पावसात किंवा पाडापाडीत जातं, त्यांना आठवणींची हौस नसते असं नाही. त्यांना त्या ठेवायला जागा नसते. आपल्या गटाच्या कार्यालयात एक पत्र्याची पेटी आणि शंभर पानी वह्या ठेवता येणार नाहीत का?

बाजारात मिळणाऱ्या बाळाच्या छापील वह्यांत पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द यांच्या चौकटी असतात. रात्री कोण जागलं, बाळंतपणानंतर आईला रडू का यायचं, कामावर जाताना बाळाला कुणी सांभाळलं, यांना चौकट नसते. आपली वही आपण आखू या. करणारीचं नाव पहिल्या पानावर. आईचा अख्खा चेहरा असलेले फोटो. सांभाळणाऱ्या मावशींचं नाव आणि त्यांचाही फोटो. मुलाला जेवढी पानं तेवढीच मुलीला. जे सुखाचं नाही त्यालाही जागा. आणि डिंकाची बाटली बापाच्याही हातात. त्याला तारीख आठवत नसेल तर त्याने विचारून लिहावी.

यातून आईपणाचं देव्हाऱ्यात बसवलेलं रूप पुन्हा उभं राहील, अशी भीती काहींना वाटते. मला उलट वाटतं. देव्हाऱ्यातल्या आईने किती रात्री काढल्या याचा हिशेब कुणी मागत नाही. वहीतल्या आईचा हिशेब लिहिलेला असतो.

मुलगी परत जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी तिची अकरा पानांची वही घेऊन बसलो. मुलालाही बोलावलं होतं. तो तेव्हा चार वर्षांचा असेल, पण बहीण त्याच्या तीनचाकीच्या मागच्या फळीवर बसायची आणि उतरवली की भोकाड पसरायची, हे त्याला आठवत होतं. ते त्यानेच लिहिलं. बाराव्या पानावर मी लिहिलं: "पहिलं पाऊल. तारीख माहीत नाही. आईने लिहून ठेवली नाही." मुलगी म्हणाली, "हे कशाला लिहितेस?" मी म्हटलं, "राहू दे. तुझ्या लेकीला वाचू दे."

अजून बरीच पानं कोरी आहेत. तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. ती काढा, पानं मोजा, आणि काय दिसलं ते आम्हाला जरूर लिहून कळवा.