कबुली आणि सत्य

मनुष्य हा विचारशील प्राणी आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु त्याच्या मनात संशय शिरला आणि एखादा दुबळा माणूस त्याच्या हाती सापडला, म्हणजे त्याचा विचार कोठे जातो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. आम्हांस तो एखाद्या ग्रंथाने विचारावयास लावला असे नाही. तो आमच्याच वर्गात उभा राहिला.

गेल्या वर्षी सहलीसाठी जमविलेल्या वर्गणीचे पाकीट एके दिवशी सापडेना. आमच्यातील एका मुलाच्या घरची परिस्थिती बेताची. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो एकटाच वर्गात बसलेला काहींनी पाहिला होता. एवढ्या पुराव्यावर आम्ही त्याला चोर ठरविले. शाळा सुटल्यावर सायकली ठेवावयाच्या जागी त्याला गाठले, त्याचा हात पिरगाळला आणि ‘कबूल कर’ असा घोशा लावला. प्रथम तो नाही म्हणाला, मग रडला, आणि शेवटी “हो, मीच घेतले,” असे त्याने सांगितले. आम्हांस विजय मिळविल्यासारखे वाटले. दुसऱ्याच दिवशी ते पाकीट वर्गप्रमुखाच्या नकाशांच्या पुस्तकात जसेच्या तसे मिळाले. आम्ही त्याची क्षमा मागितली व त्यानेही ती मोठ्या मनाने केली. परंतु त्या दिवसापासून तो मधल्या सुट्टीत वर्गात थांबत नाही.

न घेतलेल्या पैशांची कबुली त्याने का दिली? उत्तर सोपे आहे. त्याला हात सोडवून घ्यावयाचा होता. वेदनेने मनुष्याच्या तोंडून सत्य बाहेर पडत नाही. वेदना थांबविणारे शब्द बाहेर पडतात. आणि खोटी कबुली मिळाली की शोध थांबतो, निरपराध्याला शिक्षा होते व खरा अपराधी मोकळा राहतो. म्हणूनच छळ हा जितका क्रूर तितकाच निरुपयोगी आहे, असे आमचे मत झाले आहे.

ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वी उघडकीस आली होती. मद्रास इलाख्यात शेतसाऱ्याच्या वसुलीसाठी आणि गुन्ह्यांची कबुली मिळविण्यासाठी रयतेचा छळ होतो, अशा तक्रारी झाल्यावरून १८५४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला चौकशी मंडळ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८५५ साली प्रसिद्ध झाला. लाकडी चापात हात दाबणे, माणसाला वाकवून बांधून ठेवणे, असे प्रकार त्यात नमूद आहेत. पुढे १८६१ चा फौजदारी प्रक्रियेचा कायदा व १८७२ चा पुरावा कायदा यांनी असा नियम घालून दिला की, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो नियम कायम आहे. ज्या राज्यकर्त्यांना आपल्या प्रजेचा फारसा कळवळा नव्हता, त्यांनाही मारून काढलेल्या कबुलीवर विसंबता येत नाही हे मान्य करावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धातील अत्याचारांनी हादरलेल्या जगाने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पाचव्या कलमाने कोणाचाही छळ करण्यास मनाई केली. हा जाहीरनामा सिद्ध करणाऱ्यांत भारताच्या प्रतिनिधी म्हणून श्रीमती हंसा मेहता होत्या, ज्या पुढे आमच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणारे शब्द बदलून तेथे ‘सर्व मानव’ असे शब्द घालावेत, हा आग्रह त्यांनी धरला व तो मान्य झाला. पुढे १९८४ साली संयुक्त राष्ट्रांनी छळाविरुद्ध स्वतंत्र करार केला आणि २६ जून १९८७ रोजी तो अंमलात आला. युद्ध असो वा अन्य कोणतीही आणीबाणी असो, छळाचे समर्थन होऊ शकत नाही. छळाने मिळविलेले निवेदन पुरावा म्हणून वापरता येत नाही. आणि ज्याचा छळ झाला त्याला भरपाई मिळून त्याचे जीवन पुन्हा उभे राहिले पाहिजे, ही या कराराची तीन मोठी तत्त्वे होत.

परंतु तत्त्व कागदावर राहिले तर त्याचा उपयोग काय? छळ हा नेहमी बंद दाराआड होतो. म्हणून त्या दाराआड एक तिसरा माणूस नेऊन उभा करणे, हेच कायद्याचे खरे कार्य आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोठ्या कुशलतेने केले. कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून अस्वस्थ झालेले बंगालमधील श्री. डी. के. बसू यांनी १९८६ साली सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. त्या पत्रालाच अर्ज मानून न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी निर्णय दिला आणि अटकेचे अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याच्या नावाची स्पष्ट पट्टी असावी. अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही असावी. आप्ताला वा मित्राला खबर द्यावी. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. वकिलाला भेटू द्यावे. साक्षीदार, आप्त, वैद्य, वकील, हे सारे तो तिसरा माणूसच नव्हेत काय? २०२० साली न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला, त्यामागेही हाच हेतू होता.

ज्याच्यावर आघात होऊन गेला, त्याचे काय? ओरिसातील एका मातेचा बावीस वर्षांचा मुलगा १९८७ साली पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू पावला. तिनेही सर्वोच्च न्यायालयास पत्रच लिहिले. १९९३ साली न्यायालयाने तिला दीड लक्ष रुपये भरपाई देवविली व नागरिकाच्या जीविताच्या हक्काचा भंग झाल्यास शासनाला भरपाई द्यावीच लागेल असे ठरविले. पैशाने मुलगा परत येत नाही, हे खरे. परंतु ‘तुझ्यावर अन्याय झाला’ असे राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायासनाने सांगणे, यालाही मोल आहे. शरीराची जखम भरली तरी मनाची भरत नाही, हे ओळखून डेन्मार्कमध्ये डॉक्टर इंगे गेनेफके यांनी १९८२ साली छळग्रस्तांच्या उपचारासाठी कोपनहेगन येथे स्वतंत्र केंद्र उभारले. अशा कार्यास साह्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा निधी १९८१ पासून चालू आहे. आमचा तो मित्र मधल्या सुट्टीत अंगणात का उभा राहतो, हे ज्यांना उमजले, त्यांना या केंद्रांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आपल्या राष्ट्राचे एक काम मात्र अपुरे आहे. भारताने त्या आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली सही केली, परंतु त्यास अंतिम मान्यता अद्याप दिलेली नाही. छळप्रतिबंधक विधेयक २०१० साली लोकसभेत संमत झाले, पण त्याचा कायदा होऊ शकला नाही. विधी आयोगाने २०१७ साली पुन्हा तशीच शिफारस केली. कबुलीसाठी इजा करणाऱ्यास शिक्षा आपल्या दंडविधानात १८६० पासून आहे, हे खरे. परंतु प्रतिबंध, चौकशी आणि भरपाई यांचा एकत्र विचार करणारा कायदा असावा, ही मागणी आम्हांस रास्त वाटते.

यावर कोणी म्हणेल, “गुन्हेगारांची एवढी कणव कशाला? पोलिसांचे हात बांधले तर चोर माजतील.” पोलिसांचे काम कठीण आहे, हे आम्ही जाणतो. अपुरी माणसे, अपुरी साधने आणि ‘लवकर छडा लावा’ म्हणून वरून व खालून येणारा दाब, यांत ते सापडलेले असतात. पण तो दाब कोण आणतो? आपणच. ‘दोन तडाखे द्या, म्हणजे बोलेल,’ हे वाक्य चव्हाट्यावर, आगगाडीत, घरीदारी आपण किती सहज उच्चारतो! ज्याला तडाखे द्यावयाचे तो गुन्हेगार आहे, हे ठरविण्यासाठीच तर चौकशी असते. आधी शिक्षा आणि मग चौकशी, हा न्याय उलटा आहे. आम्ही सायकलींच्या जागी तोच केला.

शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली आहे. परंतु मुलांनी मुलांचा छळ करू नये, हे कोणत्याही कायद्याहून अधिक आमच्या हाती आहे. त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकाने जरी ‘थांबा, आधी बाईंना विचारू’ असे म्हटले असते, तर तो तिसरा माणूस तेथे उभा राहिला असता आणि सारे टळले असते. कोणीही तसे म्हटले नाही.

आम्ही आज विद्यार्थी आहो. उद्या आमच्यातूनच कोणी पोलीस अधिकारी होईल, कोणी वकील, कोणी वैद्य, कोणी न्यायाधीश. पुष्कळजण साधे नागरिक होतील, आणि त्यांचे मत कमी मोलाचे असणार नाही. ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्य आम्हां सर्वांच्या अंगी यावे, आणि त्याचा आरंभ आमच्याच वर्गापासून व्हावा, एवढीच आमची इच्छा आहे.