किल्ली कुणाकडे?

हुबळीजवळच्या आमच्या अमरगोळात खेळाचा विषय निघाला की कुणीतरी क्रिकेटपटू सुनील जोशींचं नाव काढतंच. गदगचा मुलगा, रोज 60 किलोमीटरवरून हुबळीला सरावाला यायचा. पुढे 1999 मध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेला 10 षटकांत 6 धावा देऊन 5 बळी घेतले. अभिमान मलाही आहे. पण ही गोष्ट मला ऐकवली जाते ती माझ्या आठवीतल्या मुलीसाठी मी खेळायला जागा मागितली म्हणून. "मनात असलं की जमतं हो, वहिनी."

अहो, तिला कुठं कसोटी खेळायचीय? संध्याकाळी तासभर खो-खो खेळायचाय.

घरापासून पाच मिनिटांवर शाळेचं मैदान आहे. शाळा सुटली की फाटकाला कुलूप. काच फुटली, कुणी पडलं, तर जबाबदार कोण? प्रश्न खोटा नाही. मुलगे भिंतीवरून उड्या टाकतात, क्रिकेट खेळतात, शिव्या खातात. मुली घरी येऊन मोबाइल घेतात. म्हणजे कुलूप लागतं ते मुलींनाच.

हुबळीत मोठी मैदानं आहेत, तिथं जायला 'चिगरी' ही जलद बसही आहे. पण जाण्यायेण्यात संध्याकाळ संपते, अंधार पडतो, आणि मग घरातलेच म्हणतात, राहू दे.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं अंग घामेजेल अशी हालचाल सांगते. 2019 मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासात 11 ते 17 वयाच्या 85 टक्के मुलींची तेवढी होत नव्हती. मुलग्यांत 78 टक्के.

खो-खोला लागतं काय? 27 बाय 16 मीटर जागा, दोन खांब, मूठभर फक्की. बेळगावच्या शाळेत मी खांबावर सूर मारायचे. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, त्यात म्हैसूरकडची चैत्राही होती. तेव्हा गल्लीत पेढे वाटले. फाटक नाही उघडलं.

महापालिका आणि शिक्षण खात्यानं मिळून संध्याकाळी 5 ते 7 शाळेचं मैदान उघडं ठेवावं. खिडक्यांना जाळी, स्वच्छतागृह खुलं, आणि वस्तीतल्याच एखाद्या बाईला मानधन देऊन तिच्या हाती किल्ली. प्रशिक्षकाची शिट्टी नंतर आली तरी चालेल.

अर्ज मी कन्नडमध्ये लिहिलाय. आतापर्यंत 11 आयांनी सह्या केल्या. बाप एकच आला, आणि त्यानं पेन हातात घेऊन विचारलं, "सिलेक्शन कधी आहे?"