मागणी नाही, की सापडत नाही?

परवा विद्यापीठाच्या लायब्ररीतला माझा शेवटचा दिवस होता. ओळखपत्र जमा केलं, ड्रॉवरची किल्ली दिली. दोन वर्षं दुपारी चार ते सात मी त्या काउंटरवर बसले. राज्यशास्त्राची पदवी वर्गात मिळवली, पण राज्यशास्त्र कळलं ते तिथे.

जाता जाता एक यादी हातात पडली. निर्लेखनाची, म्हणजे रद्दीत काढायच्या पुस्तकांची. नियम साधा: वर्षानुवर्षं देवघेवीत नोंद नसलेलं पुस्तक यादीत जातं. यादीत पानंच्या पानं मराठी. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "डिमांडच नाही, तंगी. कोण वाचतंय सांग की?"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. शाळेच्या तुकडीबद्दल, फलकांबद्दल, सरकारी कागदांबद्दल. मराठीला मागणी नाही. आज या वाक्याचाच हिशोब मांडते.

पहिल्याच महिन्यात एक मुलगा आला. खानापूरकडचा, बी.ए.चा. त्याला य. दि. फडक्यांचं 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' हवं होतं. कॉम्प्युटरवर शोधलं, नाही. मी स्पेलिंग बदललं, पीएचऐवजी एफ घातला, मधे एक ए वाढवला. तरी नाही. तो "असू दे, ताई" म्हणून गेला. आठवडाभराने पुस्तकं लावताना तेच खंड मला मागच्या रॅकवर दिसले. धूळ खात. नोंद करणाऱ्याने फडके हे नाव इंग्रजी अक्षरांत असं काही लिहिलं होतं, की खुद्द फडक्यांनाही ते सापडलं नसतं. 2000 साली बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष हेच फडके. आणि याच भागातल्या पोराला त्यांचं पुस्तक मिळत नाही!

आमच्याकडे मराठी पुस्तकांची नोंद देवनागरीत नाही. कन्नड पुस्तकांची कन्नड लिपीत झाली. चांगलंच झालं, तसंच व्हायला हवं. मग मराठीची का नाही? तर मागणी नाही. म्हणजे बघा, नोंद नीट नाही म्हणून पुस्तक सापडत नाही. सापडत नाही म्हणून कोणी नेत नाही. नेत नाही म्हणून मागणी शून्य. मागणी शून्य म्हणून नोंद करायची नाही आणि शेवटी पुस्तकच रद्दीत. या चक्रात वाचकाचा दोष कुठे आहे?

तांत्रिक अडचण म्हणाल तर तीही नाही. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातच देवनागरी होती. ग्रंथालयांसाठी फुकट मिळणारं कोहा सॉफ्टवेअर देवनागरीत चालतं. राज्यघटनेचं कलम 29 आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क देतं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमणारं 350ब हे कलम 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं. परीक्षेत मी ही कलमं दहा मार्कांसाठी लिहिली. पण लिपी जतन करायची म्हणजे काय? माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की सर्चच्या चौकटीत 'फडके' लिहिलं की फडके सापडले पाहिजेत.

आता दुसरी बाजू, जी लाइक मिळवून देणार नाही. एक नोव्हेंबरला आपण काळा डीपी ठेवतो. ठेवावा. पण त्या दोन वर्षांत माझ्या काउंटरवर किती मराठी पोरं मराठी पुस्तक मागायला आली, हे मला पाठ आहे, कारण ती मोजकीच होती. स्टेटस कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही. पुस्तकावरचा तारखेचा शिक्का चढतो. आपण न घेतलेलं प्रत्येक पुस्तक उद्या आपल्याच विरोधात पुरावा म्हणून दाखवलं जातं.

आणि मागणी असते, हे मी पाहिलंय. साध्या दोनशे पानी वहीत मी मराठी पुस्तकांची देवनागरीत यादी केली, रॅक नंबरासकट, आणि काउंटरवर ठेवली. मला मदत कोणी केली? आमच्या कन्नड भाषिक शिपाईमामांनी. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण कुठलं पुस्तक कुठे आहे हे हातानं माहीत. ते पुस्तक काढून द्यायचे, मी लिहायची. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य 891.46 ला, कन्नड 894.814 ला. आमच्या रॅकवर त्यांच्यात चार पावलांचं अंतर. भांडण त्या चार पावलांशी नाहीच. भांडण आहे ते 'मागणी नाही' म्हणत सही करणाऱ्या पेनाशी. वही ठेवल्यावर फडक्यांचे खंड बाहेर पडले. खानापूरचा तो मुलगाही परत आला.

तेव्हा तीन कामं. एक, या आठवड्यात आपल्या कॉलेजातून एक मराठी पुस्तक स्वतःच्या नावावर काढा. दोन, देवनागरी नोंदीची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी मागणीला कोणी मागणी म्हणत नाही. तीन, माहिती अधिकारात निर्लेखनाची यादी मागा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

माझी वही मी काउंटरवरच ठेवून आले. शिपाईमामांच्या ताब्यात. जाऊन मागा.