काढलेले आणि जिंकलेले

निरवांगीतल्या शेतकऱ्याच्या खात्यावर ऊसबिल जमा होते तेव्हा सोसायटीची कपात आधीच झालेली असते. बिलाचा आकडा वेगळा आणि घरात आलेला पैसा वेगळा, हे त्याला सांगावे लागत नाही. त्याच घरातल्या पोराच्या खात्यात पोकरच्या अॅपवरून लाखभर रुपये आले, की तो मात्र सगळा लाख 'जिंकला' म्हणतो. येत्या जुलैत तो पासबुक घेऊन आपल्याच, म्हणजे करसल्लागारांच्या, टेबलासमोर बसणार आहे.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. मोठ्या अॅपांनी पैशांचे डाव बंद केले आणि वॉलेटमधली शिल्लक काढून घ्या म्हणून सांगितले. त्यामुळे २०२५-२६च्या पासबुकात काढलेल्या रकमा फुगलेल्या दिसतील. त्या रकमेलाच उत्पन्न समजणे ही यंदाची सर्वांत महागडी चूक ठरेल.

हिशेब असा. काढलेली रक्कम आणि ३१ मार्चची शिल्लक यांची बेरीज करा. त्यातून वर्षात भरलेले पैसे आणि १ एप्रिलची आरंभीची शिल्लक वजा करा. समजा, लाख रुपये काढले, २० हजार भरले होते, आरंभी ५० हजार होते, शेवटी काही उरले नाही. निव्वळ जिंकणे ३० हजार. आरंभीच्या ५० हजारांतली जिंकलेली रक्कम आदल्या ३१ मार्चलाच हिशेबात येऊन गेली. तिच्यावर दुसऱ्यांदा कर कशाला? कलम ११५बीबीजेखाली दर ३० टक्के, उपकरासह ३१.२. म्हणजे ९,३६० रुपये. अॅपने १९४बीएखाली ९,००० कापलेले असतात. 'टॅक्स कापलाय की' म्हणणाऱ्या क्लायंटला हे उरलेले ३६० समजावताना चहा गार होतो, हा अनुभव बहुतेकांना असेल. नेटपॅक, नवा मोबाईल, पोकरची शिकवणी, यातले काहीही वजा मिळत नाही. आणि रिटर्न आयटीआर-१ मध्ये बसत नाही.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू असला, तरी गेल्या वर्षाचे रिटर्न जुन्याच कलमांनी भरायचे आहे.

पोकरमधले मुरलेले खेळाडू वीस-तीस बाय-इनची, म्हणजे टेबलावर बसायच्या रकमेच्या तितक्या पटीची, गंगाजळी वेगळी ठेवतात आणि वरचे तेवढे काढतात. शिस्त चांगली, पण ती पुढचा डाव आहे हे धरून चालते. आता देशात पैशांचा ऑनलाइन डाव पुरवणे हाच गुन्हा आहे. काढलेल्या पैशातून 'खेळायचे भांडवल' किती ठेवू, असे कोणी विचारले तर मी शून्य सांगतो. परदेशी साइटवर ते कसे पाठवायचे, हे सांगणे आपले काम नव्हे. गोव्याच्या कॅसिनोत बसणाऱ्याला कलम ११५बीबी लागते. त्याचा हिशेब निराळा.

खरी कसोटी पुढेच आहे. सातबारा घरात असला की 'शेती उत्पन्नात दाखवा ना, साहेब' ही विनंती येतेच. ऊसबिल कारखान्याकडून येते; हा पैसा मात्र अॅपकडून आला, हे क्लायंटच्या एआयएसमध्ये (वार्षिक माहिती विवरणात) आधीच लिहिलेले आहे. तेवढे पान छापून त्याच्यापुढे ठेवा. आणि अॅपवरचे वर्षभराचे लेजर आजच उतरवून घ्यायला सांगा; बऱ्याच पोरांनी पैसे काढल्याबरोबर अॅपच उडवून टाकले आहे.