पुस्तकाची जाडी नको, साल पाहा!

आपल्या होस्टेलवर वेब डेव्हलपमेंट शिकायची इच्छा नसलेला मुलगा किंवा मुलगी शोधूनही सापडायची नाही. पण ‘पुस्तक कोणतं घेऊ?’ असं विचारून बघा, दहा जणांची बारा उत्तरं मिळतील. कुणी म्हणतो जाडजूड घे, कुणी म्हणतो लोकल ऑथर बरा, तर कुणी म्हणतो पुस्तक कशाला, व्हिडिओ बघ. मी या बाबतीत चांगलाच तोंडघशी पडलेलो आहे. त्यामुळे चार शब्द सांगायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

गोष्ट सेकंड इयरची. आपल्या मेसमधलं खाड्याचं रजिस्टर सगळ्यांना ठाऊक आहे. घरी जायचं तर आधी त्यात नाव लिहायचं, तरच बिलातून पैसे वजा होतात. महिन्याअखेरीस त्यावरून काय वादावादी होते, ते मी सांगायला नको. एका मीटिंगमध्ये मी जोशात येऊन मेस कमिटीला म्हटलं, “एक तारखेपर्यंत वेबसाइट करून देतो. रूममधून खाडा टाका, हिशोब आपोआप होईल.” टाळ्या पडल्या! मला येत होतं थोडंसं एचटीएमएल, आणि पीएचपीचा तर पत्ताच नव्हता. रविवारी पुण्यात अप्पा बळवंत चौक गाठला. एका दुकानात नऊशे पानांचं सेकंड हँड पुस्तक साडेतीनशेला मिळालं. बाबांनी मेससाठी पाठवलेल्या पैशांतले साडेतीनशे!

पहिली पाच प्रकरणं झकास गेली. डेटाबेसचं प्रकरण आलं आणि गाडी अडली. पुस्तकातली ओळ न् ओळ टाइप केली, तरी स्क्रीनवर एकच तक्रार, की असं फंक्शनच अस्तित्वात नाही. तीन नाइट मारल्या. स्पेलिंग तपासलं, सेमीकोलन मोजले, सगळं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. मराठी मिडियममधून आलेल्या माझ्यासारख्याचा पहिला संशय स्वतःवरच जातो. आपल्याला इंग्रजी नीट कळलं नसेल, हे आपल्या डोक्यात शिरणारच नाही, वगैरे. एक तारीख उलटून गेली. रजिस्टर जिथल्या तिथे राहिलं आणि कमिटीतली मंडळी मला ‘काय वेबसाइट?’ अशी हाक मारू लागली.

शेवटी पुस्तक घेऊन विंगमधल्या एका सीनियरकडे गेलो. त्यानं माझा कोड पाहिलाच नाही. पुस्तकाचं दुसरं पान उघडलं आणि म्हणाला, “अरे, हे २००६ सालचं आहे!”

झालं होतं असं. डेटाबेसला जोडणारी ती जुनी फंक्शन्स पीएचपीच्या ५.५ या आवृत्तीत, म्हणजे २०१३ मध्येच, कालबाह्य ठरवली होती. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकली. आता त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरतात. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये त्या फंक्शनच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दहा मिनिटांच्या कामासाठी मी तीन रात्री स्वतःला ‘ढ’ म्हणवून घेत होतो!

पण खरी भीती पुढेच आहे. जो कोड चालत नाही, तो निदान एरर देऊन ओरडतो तरी. त्याच पुस्तकात फॉर्ममध्ये भरलेलं नाव जसंच्या तसं एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवलं होतं आणि पासवर्ड एमडी५ करून ठेवले होते. ही पद्धत नव्या फंक्शनमध्ये घातली तर आजही बिनतक्रार चालते. कुणी नावाच्या रकान्यात एसक्यूएलचा तुकडा टाकला, की अख्ख्या होस्टेलचे रूम नंबर आणि फोन नंबर त्याच्या हाती लागू शकतात. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. त्यावर उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा. वाक्य आधी डेटाबेसला द्यायचं आणि नाव मागाहून वेगळं द्यायचं. माझी साइट वेळेवर झाली नाही, हे एका परीनं बरंच झालं.

मग जुनी पुस्तकं रद्दीत घालायची का? मुळीच नाही. ब्राउझर सर्व्हरकडे काय मागतो, सीएसएसचा कोणता नियम कोणावर मात करतो, जावास्क्रिप्टमधलं क्लोजर म्हणजे काय, हे विषय लोणच्यासारखे आहेत, वर्षानुवर्षं टिकतात. फ्रेमवर्क आणि इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या मात्र दुधासारख्या. तारीख बघूनच घ्याव्यात.

उदाहरणंच देतो. डग्लस क्रॉकफर्ड यांचं ‘जावास्क्रिप्ट: द गुड पार्ट्स’ हे छोटं पुस्तक २००८ चं. क्लोजर समजायला ते आजही चांगलं आहे. पण लेट, कॉन्स्ट, क्लास, मोड्यूल हे सगळं भाषेत २०१५ साली आलं, त्याचा त्यात मागमूस नाही. जॉन डकेट यांचं ‘एचटीएमएल अँड सीएसएस’ २०११ चं. रंगीत पानं, थोडा मजकूर, इंग्रजीचा धसका घेतलेल्याला एकदम सोपं. पण त्यातलं फ्लॅश सोडून द्या, कारण फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद पडलं. पानाची मांडणीही दुसरीकडे शिका, कारण सीएसएस ग्रिड मोठ्या ब्राउझरमध्ये आलं ते २०१७ साली.

दुसरं म्हणजे, शिकायचं पुस्तक वेगळं आणि संदर्भाचं वेगळं. डेव्हिड फ्लॅनगन यांच्या ‘जावास्क्रिप्ट: द डेफिनिटिव्ह गाइड’ची सातवी आवृत्ती २०२० ची, सातशे पानांची. कादंबरीसारखं वाचायला घेतलंत तर तिसऱ्या प्रकरणात झोप लागेल. ते अडल्यावर उघडायचं. शिकायला मराइन हावरबेके यांचं ‘इलोक्वंट जावास्क्रिप्ट’ घ्या. चौथी आवृत्ती २०२४ ची, सरावाला उदाहरणं आहेत आणि लेखकानं ते इंटरनेटवर फुकट ठेवलंय. रोजच्या संदर्भाला मोझिलाचं एमडीएन आहे, तेही फुकट. कोणता टॅग आता वापरू नये, हे ते स्पष्ट सांगतं. तेव्हा संदर्भग्रंथावर मेसचे पैसे उडवू नका. पैसे असलेच तर शिकायच्या एकाच पुस्तकावर घाला.

दुकानात पाच मिनिटं उभं राहून एवढं करा. दुसऱ्या पानावर आवृत्तीचं साल पाहा, पुनर्मुद्रणाचं नव्हे. पुनर्मुद्रण कालचं असलं तरी मजकूर जुनाच असतो! मग शेवटची सूची काढा. जावास्क्रिप्टच्या पुस्तकात कॉन्स्ट, सीएसएसच्या पुस्तकात ग्रिड आणि पीएचपीच्या पुस्तकात पीडीओ सापडतंय का ते बघा. नसेल तर नमस्कार करून परत ठेवा.

‘आता एआयला विचारलं की कोड मिळतो, पुस्तक हवंय कशाला?’ असं काही जण म्हणतील. मीही विचारतो. पण तो आपण जे विचारू त्याचं उत्तर देतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट नावाची चीज जगात आहे हेच मला माहीत नव्हतं, तर मी विचारणार काय, कपाळ? चांगलं पुस्तक न विचारलेलंही सांगतं. आणि एआयनं दिलेला कोड जुना आहे की नवा, हे ताडून बघायलाही संदर्भ लागतोच.

आता थोडं ग्रंथालयाबद्दल. ग्रंथपाल सरांना नम्र विनंती, की वेबच्या पुस्तकांच्या पाठीवर आवृत्तीचं साल मोठ्या अक्षरात चिकटवावं आणि दहा वर्षांपूर्वीची वेगळ्या कपाटात ठेवावीत. दुसरी विनंती अशी, की नवी प्रत ‘फक्त रेफरन्स’ म्हणून अडकवू नये. रीडिंग हॉलमध्ये पुस्तक असतं पण कॉम्प्युटर नसतो. हे पुस्तक की-बोर्डशेजारी उघडं नसेल तर त्याचा उपयोग काय? निदान रात्रीपुरतं तरी इश्यू करावं.

खाड्याची साइट पुढच्या सेमिस्टरला झाली. माझं ते नऊशे पानी पुस्तक सध्या फर्स्ट इयरच्या एका मुलाकडे आहे. देताना सहाव्या प्रकरणावर लाल पेननं लिहिलं, ‘येथून पुढे वाचू नये.’ कमिटीतली मंडळी मात्र मला अजून ‘वेबसाइट’च म्हणतात!