मामा, नऊ म्हणजे नऊ!

जादूला नियम असावेत की नसावेत, या विषयावर अजून कुणी परिसंवाद भरवलेला नाही. म्हणून अध्यक्षीय भाषण मीच उरकून घेतो. जादूला नियम हवेत, ते कडक हवेत आणि ते मामालाही लागू हवेत. यातलं शेवटचं कलम मला फार महागात पडलेलं आहे.

रविवारी मी पालघरहून बोईसरला बहिणीकडे जेवायला जातो. तिथं भाची आणि तिची मित्रमंडळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मांडून बसलेली असतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ 1974 साली अमेरिकेत काढला. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि लढाईत त्याचं बरंवाईट फाशांनी ठरवायचं. भाची सूत्रधार. एके दिवशी एक गडी उगवला नाही, म्हणून मला मांत्रिक केलं.

मी बाह्या सरसावल्या. पण भाचीनं हातात हिशेबाचा कागद ठेवला. मी पाचव्या पायरीचा मांत्रिक. पहिल्या प्रतीचे मंत्र दिवसाला चार, दुसऱ्या प्रतीचे तीन, तिसऱ्या प्रतीचे दोन. संपले की रात्रीची विश्रांती घेतल्याशिवाय परत नाहीत.

"अगं, ही जादू आहे की रेशनकार्ड?"

"मामा, जुन्या नियमांत तर एकदा म्हटलेला मंत्र डोक्यातून पुसलाच जायचा," ती म्हणाली. ही कल्पना म्हणे जॅक व्हान्सच्या 1950 सालच्या 'द डाइंग अर्थ'वरून घेतलेली. आम्हांला त्यात नवल नाही. आमचा कर्ण ऐन वेळी ब्रह्मास्त्र विसरलेला आहे.

पहिल्या अर्ध्या तासात मी माझे दोन्ही अग्निगोल चार फुटकळ गोब्लिनांवर उधळले. मग दरोडेखोरांचा सरदार आला. दुसऱ्या प्रतीच्या मंत्रानं मी त्याला जागच्या जागी खिळवला. असा मंत्र ध्यान धरून टिकवावा लागतो. मार बसला, तर फासा टाकून निदान दहा भरावे लागतात, नाहीतर ध्यान मोडलं. मला बाण लागला. फासा टाकला. सगळी मिळवणी करून नऊ.

"एकानं काय होतंय गं?"

"मामा, नऊ म्हणजे नऊ. मघाशी चिनूचा वारही एकानंच हुकला. तुला सोडलं तर त्याला काय सांगू?"

सरदार सुटला आणि त्यानं पहिल्याच घावात चिनूचा योद्धा पाडला. सहा महिने जपलेलं सोंग! पोराचे डोळे भरून आले, पण म्हणाला, "असू दे, मामा." मला गुलाबजाम गिळवेना.

"खेळच तर आहे, द्यायचं सोडून," असं म्हणणाऱ्या भल्या माणसांशी माझं भांडण आहे. अहो, खेळ आहे म्हणूनच! नियम काढले की मागं उरतात सहा माणसं आणि शेवेची बशी. कर्णाला ऐन वेळी मंत्र आठवला असता, तर आपण कुणासाठी हळहळलो असतो? 'या खेपेला सोडा' हा मंत्र मात्र आपण रांगेत, कचेरीत, शाळेच्या प्रवेशाला दिवसातून कितीही वेळा म्हणतो. त्याला विश्रांती लागत नाही आणि त्यात बळी जातो तो मागं उभ्या असलेल्या चिनूचा.

मेहुणे तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला. एरवी जेवताना बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "आमच्याकडे 1969 पासून वीज होते, ती अणू फोडता येतो म्हणून नव्हे, आवरता येतो म्हणून." अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता आलं, परत घेता आलं नाही. अर्जुनाला दोन्ही आलं. पुरी विद्या कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

चिनूचा योद्धा मंडळींनी औषधपाणी करून उठवला. पुढच्या रविवारी मला पुन्हा बाण लागला. फासा टाकला. बरोब्बर दहा! मी असा ओरडलो की बहीण पोळी तव्यावर टाकून धावत आली. तिला वाटलं, लॉटरी लागली. लॉटरीच ती. कुणी एकसुद्धा आकडा सोडलेला नव्हता; दहाच्या दहा माझे होते.