पाय अडकवण्याआधी सोडवायला शिका

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात चिंचोटी नाक्यावर मी सायकलसकट आडवी झाले. थांबताना डावा पाय पेडलमधून सोडवला, पण तोल गेला उजवीकडे, आणि उजवा पाय अडकलेलाच! मागच्या ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावले. चूक माझीच. नवी पेडल बसवून दुसऱ्याच दिवशी हायवे गाठला होता.

या पेडलना ‘क्लिपलेस’ म्हणतात. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पाऊल धरून ठेवायला पिंजरा आणि पट्टा असे, ती ‘टो-क्लिप’. १९८४ साली ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने स्कीच्या खटक्यावरून बिनपिंजऱ्याचे पेडल आणले. बुटाच्या तळाची ‘क्लीट’ त्यात खटकन बसते. पाऊल घसरत नाही. सोडवायचे तर वर ओढायचे नाही; टाच बाहेरच्या बाजूला वळवायची.

विकत घेताना तीन बोल्टांच्या क्लीटच्या मोहात पडू नका. ती तळाबाहेर येते, फरशीवर पाय सटकतो. दोन बोल्टांची, ‘एसपीडी’ जातीची क्लीट तळाच्या खोबणीत राहते, वाटेत भाजी घ्यायला उतरता येते. एका अंगाने साधे आणि दुसऱ्या अंगाने खटक्याचे, असेही पेडल मिळते. नवशिकीला तेच बरे. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. आणि पेडल घरीच बसवणार असाल तर ध्यानात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

आता शिकायचे कसे? स्प्रिंगचा स्क्रू अगदी सैल करा. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. एक पाय अडकवा, सोडवा, मग दुसरा. पन्नास-पन्नास वेळा करा. कुकरची शिट्टी झाली की हात जसा आपसूक गॅसकडे जातो, तशी टाच आपसूक वळली पाहिजे. मग मोकळ्या मैदानात, शक्यतो मातीवर. सलवार असेल तर उजव्या घोट्याशी रबरबँड लावा, ओढणी घरीच ठेवा.

रस्त्यावर मात्र नेम एकच. थांबायच्या बरेच आधी डावा पाय मोकळा करायचा आणि अंग डावीकडेच झुकवायचे. आपल्याकडे वाहने उजव्या हाताने पुढे जातात. पडायचेच झाले तर कडेला पडावे. हे अंगवळणी पडेपर्यंत हायवे नको, अवजड गाड्यांचा कामण-भिवंडी रस्ताही नको.

मी पुन्हा भिंतीपासून सुरुवात केली आहे. घरचे हसतात. हसू देत!